दुसरी वेलांटी

आमच्या चौकात एका सराफाचा मोठ्ठा फलक लागलाय. अंगभर सोनं घातलेली हसरी नवरी आणि खाली टपोऱ्या अक्षरांत 'पंचविसावा वर्धापन दीन'. दीन म्हणजे बिचारा, केविलवाणा. सिग्नल सुटला तरी मी स्कूटर हलवली नाही. मागचे हॉर्नसुद्धा गोड लागत होते.

या सराफाच्या जाहिराती करणाऱ्या डिजिटल मार्केटिंगच्या ऑफिसात मी सहा महिने इंटर्न होते. रील्स, हॅशटॅग शिकले; पण पोस्ट जाण्याआधी तिच्यातल्या वेलांट्या मी आपणहून तपासायची. सर सगळ्यांदेखत विचारायचे, "वेलांटी बघून कोणी सोनं घेतं का गं?" सगळे हसायचे. मी मुकाट्यानं चूक सुधारायची. शेवटच्या दिवशी ऑफिसच्या पेजवर माझ्या निरोपाची पोस्ट आली: 'दिप्तीला शुभेच्छा!' माझ्या नावातली दुसरी वेलांटी त्यांनी खाल्ली होती. तीच आता भर चौकात दिनाच्या डोक्यावर चढून बसली होती.

इंटर्नशिपचं सोनं कर, असं घरचे सांगायचे. सोनं झालं ते माझ्या नजरेचं. चूक आता मला लांबून दिसते, आणि ती दाखवायची की नाही, हे मी ठरवते.

संध्याकाळी सरांचा मेसेज आला. 'दिप्ती, सराफ भडकलेत. नवा मजकूर पाठवतोय, छापण्याआधी बघून देशील?'

नव्या मजकुरात आणखी दोन चुका होत्या. मी लगेच उत्तर पाठवलं, "सर, वेलांटी बघून कोणी सोनं घेतं का? बिनधास्त छापा."