श्वानबलीचा घास

इंग्रजी अमदानीत एकदा पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने गोंदियाच्या नगरपालिकेने दवंडी पिटवली की, गळ्यात पट्टा नसलेल्या कुत्र्याला विष घातले जाईल. ते ऐकून माझे चित्त अस्वस्थ झाले. वैश्वदेवानंतर श्वानबली म्हणून मी रोज दाराबाहेर भाताचा घास ठेवी आणि एक तांबडी कुत्री तो खाऊन जाई. ती कोणाचीच नव्हती. परंतु भूमीवर ठेवलेले अन्न निःशंकपणे खावे, हे तिला मीच शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी दोन प्रहरी मी सोवळ्यात, हाती घास घेऊन दारी आलो. कुत्री बसलेली होती. समोरून पालिकेचा शिपाई आला. त्याच्या द्रोणातही भाताचेच गोळे होते.

"महाराज, हे तांबडी तुमची हाय का जी?"

"ती बलीची अधिकारी आहे. माझी कशी म्हणू?"

"मंग मी घालतो घास. आज तुमची सुट्टी!"

तो वाकला. कुत्रीने शेपूट हलवली.

"थांब, माझी आहे!" मी ओरडलो. खुंटीवरचा वासराचा पट्टा आणून तिच्या गळ्यात बांधला. सोवळे मोडले. शिपाई हसत पुढे गेला.

पुन्हा स्नान करून मी घास ठेवला. तिने तो नेहमीप्रमाणे न हुंगताच खाल्ला, आणि मी पुन्हा सोवळे मोडून तिच्या पट्ट्याची गाठ ओढून पाहिली.