हॉस्पिटलच्या वाटेवरचं घर

टॅक्सी चाळीच्या तोंडाशी उभी होती, डिकीत माझ्या दोन बॅगा चढल्या होत्या, बाबा पुढे बसलेही होते. आई जिना उतरली ती हातात डबा घेऊन. मला वाटलं, माझ्यासाठी. तर म्हणाली, "स्मिता, पोचलीस की फोन कर हां. मी जरा हॉस्पिटलात जाऊन येते. वामनकाकांना आजपासून पेज द्यायला सांगितलीय." वामनकाका म्हणजे आमच्या गावचे, पण नात्यातले नव्हेत. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि बायको नि मेव्हणा आमच्याकडे मुक्कामाला होते. एकुलती एक मुलगी परदेशी निघालीय आणि आई पेजेचा डबा घेऊन उलट्या दिशेला चालायला लागली.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले जे परळ-लालबागलाच राहिले, त्यांना हे नवीन नाही. मोठाली हॉस्पिटलं आपल्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कोकणातल्या गावागावाला परळमधलं एखादं घर ठाऊक असायचंच. आमचं त्यातलं. सकाळी दारात कुणीतरी उभं, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, मागे पेशंट. "अमक्यान पाठवल्यान," एवढीच ओळख. आई चहाचं आधण वाढवायची. दोन खोल्यांत माझ्या अंथरुणावर आज कोण झोपणार, हे मला संध्याकाळी कळायचं. दहावीचा अभ्यास मी गॅलरीत, लोकांच्या ओल्या साड्यांखाली बसून केला. कुरकुरले की आई मालवणीवर यायची, "मगे ती माणसां खंय जातली?" ती माणसं जाणार कुठे, याला उत्तर नसायचं, म्हणून तर डोकं फिरायचं.

करिअर, पगार वगैरे लोकांना सांगायला. खरं म्हणजे मी निघाले ती दार लावून घेता येईल अशा खोलीसाठी. आणि मिळाली. नेदरलँड्समधल्या एका छोट्या गावात माझं घर आहे, वर दोन बेडरूम, मागे हातभर बाग. इथे भेटायला यायचं तर लोक तीन आठवडे आधी कॅलेंडर इन्व्हाइट पाठवतात. सुरुवातीला मला हा स्वर्ग वाटला. कुणाच्या उलट्यांचा आवाज ऐकू येत नाही, कुणाचा रिपोर्ट वाचून दाखवावा लागत नाही.

बाबा गेले, चाळ पाडली, तिच्या जागी टॉवर आला आणि आईला त्यात वन बीएचके मिळाला. मी मनात म्हटलं, सुटलो. आता गेटवर वॉचमन, इंटरकॉम, रजिस्टर. आता कोण येतंय? इथली दुसरी बेडरूम मी तिच्यासाठी लावून घेतली आणि तिला कायमचीच घेऊन यायचं ठरवलं. मला आई हवी होती. माझी एकटीची. चाळीस पार केलेल्या बाईने असं लिहावं का, माहीत नाही, पण लिहिलं.

आली. पहिल्याच दिवशी विचारते, "इथून हॉस्पिटल केवढं लांब?" मी घाबरले, म्हटलं हिला काही होतंय. तसं काही नव्हतं. तिला आपलं घर कुठे आहे ते समजून घ्यायचं होतं, परळसारखंच हॉस्पिटलपासून मोजून. मग आठवडाभराने, "त्या खोलीत मी येण्याआधी कोण असायचं?" मी म्हटलं, कोणी नाही, गेस्ट रूम आहे. "म्हणजे कोण येतं?" कोणी नाही, आई. दुसरा महिना लागताच ती म्हणाली, मला परत पाठव. इथे सगळं छान आहे गं, पण मी दिवसभर करू काय? मी भांडले. तिथे एकटी पडशील म्हटलं. तिला हसू आलं. तिने वॉचमनला आधीच पटवून ठेवलं होतं. येईल ती बाई माझी भाची, असं त्याला सांगून ठेवलेलं. "आजी, तुम्हाला भाच्या किती?" असं तो विचारतो म्हणे.

आईचं सगळं बरोबर होतं असं सांगायला मी बसलेली नाही. तिच्या त्या पुण्यकर्मात माझं अंथरूण गेलं, त्याचा राग अजून आहे. पण ती मुंबईला परत गेल्यापासून मला या घरात बसवत नाही. कामावर माइंडफुलनेसचं वर्कशॉप झालं, तिथे आयुष्याचा हेतू एका वाक्यात सांगायला लावला. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, पुढच्याला विचारा. नंतर एका सहकाऱ्याची आई हॉस्पिटलात होती, त्याला म्हटलं, माझ्याकडे राहा, खोली रिकामीच आहे. त्याने गोड हसून आभार मानले. हॉस्पिटलशेजारी नातेवाइकांसाठी हॉटेल आहे म्हणाला. चांगलीच सोय आहे, त्याला नावं कशी ठेवणार? मी घरी आले आणि उगाच त्या खोलीतली चादर बदलली. कुणी झोपलेलं नव्हतं तरी.

गेल्या रविवारी फोनवर मी एकदम विचारलं, "आई, मी परत येऊ का? राहायलाच."

"ये की," ती म्हणाली. "पण खोलीत देवगडची बाई आहे, तिच्या मुलाचं केमो चाललंय. तुला बाहेर माझ्याजवळ खाली झोपावं लागेल."

"चालेल," मी लगेच म्हटलं. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"स्मिता, तुला बरं नाहीये का गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कितीजणांना विचारलेला मी ऐकला होता. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, दरवर्षी तपासून घेते.

"नाही," मी म्हटलं. "बरं नाहीये."

"मग विचारत काय बसलीस," आई म्हणाली, "ये."

तिकीट काढलंय, फक्त जायचं, परतीचं नाही. ते घर माझं आहे असं अजूनही म्हणवत नाही. तिथे माझ्यासाठी काही राखून ठेवलेलं नाही, कधीच नव्हतं. पण मी गेले की आई जरा सरकेल.