मांडणी मोडायची नाही

फोन आला तेव्हा आम्ही गळतीवरच बोलत होतो. आमच्या चित्रकला महाविद्यालयात दरवर्षी हिवाळ्यात ही बैठक होते, आणि दरवर्षी ये रे माझ्या मागल्या. प्राचार्य पडद्यावर दोन आकडे दाखवतात, पहिल्या वर्षाला किती आले आणि शेवटच्या वर्षाला किती उरले. मग कुणी मोबाइलला दोष देतं, कुणी पालकांना, कुणी सरकारला, आणि चहा येतो. त्या दिवशी चहा यायचा होता. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती आणि मला जरा हायसं वाटत होतं, कारण त्या खुर्चीवर बसणारे मेश्राम सर हजर असले की बैठक हमखास लांबायची. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर त्यांच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले. सकाळी चहा पिऊन राहिले होते... तसेच गेले." मी दोनदा "काय?" म्हणाले. प्राचार्यांनी प्रोजेक्टर बंद केला. ती बैठक तिथंच थांबली, आणि नंतर कुणी तिचं नावही काढलेलं नाही.

सर जाऊन आता दोन महिने होत आले. शोकसभेत मला बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. खरं सांगायचं तर मी थकले आहे. वीस-बावीस वर्षं एकाच माणसाशी एकाच विषयावर वाद घातला आणि तो माणूस वाद अर्धवट टाकून निघून गेला, याचा हा थकवा असावा.

मी उपयोजित कलेची, म्हणजे जाहिराती, वेष्टनं, अक्षरं यांची. मेश्राम सर वस्तुचित्रणाचे. एका टेबलावर चादर पसरायची, त्यावर चार वस्तू ठेवायच्या, आणि मुलांनी त्या समोर बसून रंगवायच्या, हा विषय सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटायचा. सर मात्र ती मांडणी करायला अख्खी सकाळ घालवत. मग खडू घेऊन प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती रेघ काढत, म्हणजे धक्का लागला तरी वस्तू पुन्हा जागेवर ठेवता यावी. तेवढ्यावर ते थांबत नसत. खाली जमिनीवर प्रत्येक मुलाच्या ईझलच्या, चित्र टेकवायच्या त्या घोडीच्या, तीन पायांशीही खडूच्या खुणा करत, कारण जागा हातभर सरकली की चित्र बदलतं. आणि त्यांचा एक नियम होता : शेवटचं पोट्टं आपल्या चित्रावर सही करत नाही तोवर मांडणी मोडायची नाही, आणि मोडायची ती त्या शेवटच्यानंच, स्वतःच्या हातानं. एका वर्षी टोपलीतल्या कांद्यांना चांगले वीतभर कोंब आले. रेंगाळलेल्या मुलानं ते कोंबही रंगवले, आणि सरांनी त्याचं चित्र प्रदर्शनात पहिलं लावलं. आम्ही हसलो. "आळशाचं कौतुक करता तुम्ही," मी म्हणाले. "आळशी काहून म्हणता, मॅडम? बसून होता ना तो!" सर म्हणाले.

बसून राहणं, हीच आमच्याकडे मोठी गोष्ट. पहिल्या वर्षाला वर्गात पाय ठेवायला जागा नसते. गावात कुणीतरी गणपतीची सजावट छान केलेली असते, कुणाच्या वहीच्या कडेला सुरेख चेहरे असतात, आणि मास्तर म्हणतात, नागपूरला जा. येतात. मग रंग महाग पडतात, एस.टी. वेळेवर येत नाही, कापूस वेचायला माणूस मिळत नाही म्हणून घरून फोन येतो. मुलींना स्थळ येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, अर्धवट शिकलेल्यालाही काम मिळतं. फ्लेक्स छापणाऱ्यांना पदवी नको असते, संगणकावर हात चालणारी मुलं हवी असतात. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात आमचा वर्ग विरळ होतो तेव्हा जरीपटका भागातल्या फ्लेक्सच्या दुकानांत हजेरी घेतली तर बरी भरेल, असं मी एकदा बैठकीत म्हणाले होते. सगळे हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून ते खरंच जरीपटक्यात गेले.

अशी त्यांची स्कूटर कुठं कुठं गेली. मौद्याला गेली, उमरेडला गेली. कुणी परत यायचं, बहुतेक यायचे नाहीत. एका बापानं त्यांना पाणीही विचारलं नाही, एकीच्या सासूनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, पण सुनेला मात्र सोडलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, मी म्हणायचे. नाही आलेल्या मुलाच्या ईझलच्या खुणा मात्र सर पुसू देत नसत. फरशी शनिवारी पुसली जायची, म्हणून सोमवारी सकाळी ते स्वतः खाली बसून त्या पुन्हा काढायचे. त्यांचे गुडघे वाजलेले मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचे. "मुलांना सांगा ना काढायला," मी म्हणायचे. "ज्याले आठवते त्यानंच काढा लागते, मॅडम," हे उत्तर ठरलेलं. निवृत्तीनंतर ते तासिका तत्त्वावर फक्त शेवटच्या वर्षाला शिकवत, पण सोमवारचा खडू काही सुटला नाही.

प्रणाली खापरखेड्याची. वडील वीज केंद्रात कंत्राटी कामावर. शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेल्या मोजक्या मुलींपैकी ती एक, आणि तिच्या हातात जे होतं ते मी फार थोड्या मुलांत पाहिलं. तिच्या वर्षासाठी सरांनी घरून आपल्या आईचा पाण्याचा पितळी गुंड आणला होता, काळवंडलेला, पोटाशी पोचा पडलेला. पांढरी चादर, गुंड, एक मातीचं झाकण आणि दोन संत्री. प्रणालीनं गुंड अर्धा रंगवला, आणि गेल्या पावसाळ्यानंतर वडिलांचा दमा बळावला तशी ती यायची बंद झाली. बाकीच्यांची चित्रं पूर्ण झाली. मांडणी तशीच राहिली. संत्री सुकून सुपारीएवढी झाली.

सर मला एकदा सोबत घेऊन गेले, जरीपटक्याच्या एका अरुंद दुकानात. छपाईच्या यंत्राचा वास, आणि पडद्यासमोर प्रणाली. आम्हाला पाहून ती उठून उभी राहिली.

"काय करून राहिली वं पोरी?" सरांनी विचारलं.

"वाढदिवसाचा बॅनर आहे, सर. साहेबाले गोरं करून राहिली." ती हसली, मग तिचे डोळे भरले. "बाबांचं औषध चालू आहे, सर. मी नाही येऊ शकत. तुम्ही मांडणी मोडून टाका."

"नाही मोडत," सर म्हणाले. "गोरं करायचं तेवढं कर. पण गुंडाचा काळा कसा होते ते इसरू नको."

परत येताना मी चिडले होते. मुलगी घर चालवते आहे, तिच्या मनावर आणखी एक ओझं कशाला? तशात प्राचार्यांना मांडणीची ती खोली संगणकांसाठी हवी होती, आणि त्यांचंही चूक नव्हतं. पुढच्या तपासणीत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलांचा आकडा असाच राहिला तर शाखा बंद होईल, ही भीती त्यांना झोपू देत नव्हती. सरांनी अडवलेला कोपरा त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. मी सरांना हेच सांगितलं. सरांनी स्कूटर एका रसवंतीपाशी थांबवली. "हे पहा मॅडम," ते म्हणाले, "ते पोट्टी काही आज येत नाही, मले मालूम आहे. पण जवा येईन, अन् तिची जागाच नसली... तं तिले वाटन, आपण गेलो ते कोणाले समजलंच नाही. मंग ते दारातूनच वापस जाईन." मी उसाचा रस संपवला आणि स्कूटरवर मागे बसले.

शोकसभा तिसऱ्या दिवशी दुपारी होती. शेवटच्या वर्षाची मुलं सरांच्या घरच्यांना आणायला गेली होती, म्हणून तयारी पहिल्या वर्षाच्या मुलांवर आली. मी सभागृहात शिरले आणि जागीच थांबले. समोर सरांचं टेबल होतं. तीच पांढरी चादर, त्यावर सरांचा हार घातलेला फोटो, आणि फोटोशेजारी गुंड... लख्ख! पोरांनी सकाळभर चिंच लावून घासला होता. सुकलेली संत्री फेकून दोन ताजी ठेवली होती. "मॅडम, टेबल तयारच होतं," एक मुलगी म्हणाली, तिची बोटं अजून चिंचेनं पिवळट होती. "चादर होती, गुंड होता, संत्री होती. आम्हाले वाटलं, यासाठीच मांडून ठेवलं आहे." मी तिच्यावर ओरडले. मग मला त्या पोरीच्या हातांकडे बघवेना. इतक्या प्रेमानं केलेलं काम होतं ते, आणि सर असते तर पोट धरून हसले असते. मी भिंतीशी जाऊन रडले. त्या दिवसांतलं पहिलंच रडणं.

सभेला प्रणाली आली होती. दारापाशी उभी होती, आत येत नव्हती. भाषणं संपली, माणसं पांगली, तेव्हा ती टेबलाजवळ गेली. फोटो दोन्ही हातांनी उचलून तिनं खुर्चीवर ठेवला आणि गुंडाकडे बघत राहिली. "घासला कोणी, मॅडम?" मी सांगितलं. तिनं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच, आणि हसताहसता ती हुंदके द्यायला लागली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "माझी जागा...?" मी तिला वरच्या खोलीत नेलं. टेबल उचलून नेल्यामुळे कोपरा उघडा पडला होता. पण जमिनीवर तिच्या ईझलच्या तीन खुणा होत्या, गेल्याच सोमवारी काढलेल्या, पांढऱ्याशुभ्र. ती खाली बसली आणि एका खुणेवरून बोट फिरवायला गेली, मग पुसेल म्हणून हात मागे घेतला. "दर हप्त्याले काढत होते?" तिनं विचारलं. मी मान डोलावली.

पुढच्या सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ती आली. टेबल परत जागेवर होतं, चादरीवरच्या निळ्या खडूच्या रेघांत वस्तू नेमक्या बसल्या होत्या. मी म्हणाले, गुंडच बदलला, तर नवीन चित्र सुरू कर. ती नाही म्हणाली. "हा अर्धा सरांनी पाहिला आहे, मॅडम. तो मी झाकत नाही." त्यानंतर दर सोमवारी ती येत राहिली. तिच्या चित्रात गुंडाची डावी बाजू काळी आहे आणि उजवी झळाळते. त्या झळाळीत खोलीची खिडकी दिसते, ईझल दिसतात, आणि एक रिकामी खुर्ची दिसते. परीक्षक काय म्हणतील मला ठाऊक नाही. परीक्षेचा अर्ज तिनं भरला आहे. वडील अजून आजारीच आहेत आणि दुकानही सुटलेलं नाही, तेव्हा मी कसलीच हमी देत नाही. प्राचार्यांच्या आकड्यात एका मुलीनं असा कितीसा फरक पडणार! पण मागच्या सोमवारी तिनं चित्रावर सही केली आणि नियमाप्रमाणे मांडणी मोडायला उभी राहिली. आधी संत्री, मग झाकण, मग गुंड. चादरीवर गुंडाच्या बुडाचा तेवढा गोल स्वच्छ राहिला होता, बाकी सगळी चादर धुळीनं मळलेली. गुंड घरी पोचवू का, म्हणून मी सरांच्या पत्नीला फोन केला. "त्याले तिथंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरी आणून मी त्याच्याकडं कायले पाहत बसू?"

आज पुन्हा सोमवार. शनिवारी फरशी पुसून झाली आहे, प्राचार्यांनी खोलीबद्दल पुन्हा विचारलं आहे, आणि मी अजून होकार दिलेला नाही. गुंड मी टेबलावर परत ठेवला. दुसऱ्या वर्षातला मौद्याचा तुषार दिवाळीला घरी गेला तो आलेला नाही. फोन उचलत नाही. त्याचा ईझल खिडकीपासून दुसरा होता, एवढं मला आठवतं. मी ड्रॉवरमधून खडू घेतला आणि खाली बसले. माझेही गुडघे वाजले.