डॉक्टर जी आणि दरवर्षीचा सामना

विमान ढगांच्या खाली आलं तेव्हा कापणी झालेली शेतं दिसली. चौकोनी, तपकिरी, एकाला एक लागून, पट्टीने आखल्यासारखी. साताऱ्याच्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. अमेरिकेचा मक्याचा पट्टा तर किती वर्गांकडून घोकून घेतला असेल. तो पट्टा खरोखर आहे हे पाहून, खोटं कशाला सांगू, मला जरा हायसंच वाटलं.

ओहायो राज्यातल्या डेटनच्या विमानतळावर माझा धाकटा भाऊ वसंत, त्याची बायको सुनंदा आणि मुलगी मीरा घ्यायला आली होती. वसंत हाडांचा डॉक्टर. ऐंशीचं दशक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि तो त्या देशात चांगला रुळला होता. तासाभराच्या अंतरावर एका लहानशा गावात त्याचा दवाखाना होता. घाटपांडे हे आडनाव तिथे कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून गावाने त्याचं पहिलं इंग्रजी अक्षर तेवढं ठेवून घेतलं होतं. सगळे त्याला 'डॉक्टर जी' म्हणत. माझ्या कानाला ते फार आदराचं वाटे. वसंत म्हणाला, "हुरळून जाऊ नकोस ताई, ती नुसती आळशी जीभ आहे."

गावात शिरलो तर प्रत्येक दुकानाच्या काचेवर हिरवे कागद, दारांवर हिरव्या फिती, चर्चच्या पाटीवरसुद्धा हिरवी अक्षरं.

"निवडणूक आहे का गं?" मी मीराला विचारलं.

"नो, आत्या. इट्स द गेम," ती म्हणाली. आपल्याकडची मुलं 'गणपती आहेत' म्हणतात ना, तसं. वसंत मात्र गाडी चालवताना समोर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा फोनवर कोणा मैत्रिणीला सांगत होती, "अगं, काल दोन पाय आले आणि आज सकाळीच आणखी एक." मी चहाचा कप खाली ठेवला. हाडांच्या डॉक्टरच्या घरी काय काय येत असेल याची कल्पना करवेना. मग तिने फडकं उचलून दाखवलं. इंग्रजीत पाय म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी. एक सफरचंदाचा आणि दोन लाल भोपळ्याचे. भोपळ्याचा मी चाखला. आपल्या घारग्यांना कोणी दुधात भिजवून गार केलं तर लागतील, तसा लागला. वाईट नव्हता. त्या आठवड्यात मी इतका खाल्ला की चांगला लागायला लागला.

"पण हे सगळे आपल्याकडे का पाठवतात?"

सुनंदाने खुर्ची ओढली. "वन्सं, यांनी घोळ घालून ठेवलाय."

घोळ असा होता. गावात टेकडीवर एक लहान कॉलेज आहे आणि नदीपलीकडच्या गावात दुसरं. दोघांचा फुटबॉलचा सामना पिढ्यान्पिढ्या दरवर्षी होतो, दिवाळीच्या आगेमागे. पूर्वी दोन्ही कॉलेजं सारखीच होती. आता पलीकडचं फुगलंय, त्यांची मुलं कपाटाएवढी, आणि आपली बिचारी कारकुनासारखी. वसंत आपल्या संघाचा डॉक्टर. गेल्या वर्षी एका मुलाच्या मानेला मार बसला. तो बरा झाला, पण अँब्युलन्समध्ये त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून वसंत बसला होता. कॉलेजच्या मंडळाने त्याचं मत विचारलं, तर त्याने सरळ सांगितलं की हा सामना बंद करा आणि आपल्या तोलामोलाच्या कॉलेजशी खेळा. सामन्यानंतरच्या मंगळवारी मंडळाची बैठक होती. गाव तोपर्यंत डॉक्टरचं मन वळवू बघत होतं.

"भांडत नाहीत हो कोणी. पाय आणून देतात. त्याचीच जास्त भीती वाटते," सुनंदा म्हणाली. "उद्या कोणी म्हणालं, तुम्ही बाहेरून आलेले, तुम्हाला यातलं काय कळतं, तर? मीराला शाळेत जायचंय."

साताऱ्याहून इतक्या लांब आलेल्या बाईने काय सांगायचं?

दुपारी वसंतबरोबर बिलच्या दुकानात गेले. बिल म्हणजे खिळ्यापासून गुरांच्या खाद्यापर्यंत सगळं विकणारा दांडगा माणूस. वसंतला बल्ब हवा होता. बिलने तो काढून दिला आणि म्हणाला, "देतोय डॉक्टर, पण मनापासून नाही." मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने विचारलं, "तुमचे बंधू लहानपणीही असेच होते का?"

"याहून हट्टी होता," मी म्हणाले. बिलने मला गोळ्यांची पुडी फुकट दिली. वसंतला ते मुळीच आवडलं नाही.

शनिवारी आम्ही मैदानावर गेलो. तिथे गाड्या गवतात उभ्या करतात आणि टेलगेट (गाडीची मागची फळी पाडून तिच्यावर मांडलेला फराळ) करतात. आमच्या फळीवर सुनंदाने कॉफीच्या डब्यातून आणलेला चिवडा होता. लोक मूठ मूठ घेत, डोळ्यांत पाणी आणत आणि पुन्हा हात पुढे करत. काही जण मात्र माझ्याकडे जरा जपून बघत होते. "आपण नदीपलीकडच्या का?" एका आजोबांनी विचारलं. मी सांगितलं, मी साताऱ्याची. त्यावर त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही. तेवढ्यात वसंतच्या घराशेजारच्या डोरोथीबाई आल्या, मला आपादमस्तक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मी थंडी म्हणून माझी कुंकवाच्या रंगाची शाल पांघरली होती, आणि पलीकडच्या कॉलेजचा रंग नेमका तोच. आधीच डॉक्टरवर संशय, त्यात बहीण शत्रूच्या झेंड्यात गुंडाळलेली. डोरोथीबाईंनी आपली हिरवी घोंगडी माझ्या खांद्यांवर टाकली आणि माझी शाल पिशवीत कोंबली.

डोरोथीबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या दिवशी मात्र त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन उंच मुलगे बसले होते. एक टेक्सासहून आला होता, एक कॅलिफोर्नियाहून.

आता खेळाविषयी. फुटबॉल म्हणतात, पण चेंडूला पाय क्वचितच लागतो. मुलं अंगात गाद्या भरून, डोक्यावर शिरस्त्राण घालून समोरासमोर वाकतात, कोणीतरी ओरडतं, आणि सगळी एकमेकांवर पडतात. मग शिट्टी होते, उठतात, विचारविनिमय करतात आणि पुन्हा पडतात. मीराने मला नियम समजावले. मी मान डोलावत राहिले, मी वारे समजावताना माझ्या वर्गातली मुलं डोलवायची तशी.

आमची हिरवी मुलं हरत होती, आणि तेही बेतास बात नाही, सपाटून. तरी कोणी उठून जात नव्हतं. खेळ संपत आला तेव्हा आमच्यातला एक काटकुळा मुलगा कसा कोण जाणे घोळक्यातून निसटला आणि चेंडू पोटाशी धरून पळत सुटला. सगळं मैदान उभं राहिलं. तो शेवटच्या रेषेपलीकडे पोचला तेव्हा बँड, भोंगे, किंकाळ्या, सगळं एकदम सुरू झालं. हरणाऱ्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. सुनंदाने माझा दंड दाबला आणि खाली बोट दाखवलं. मैदानाच्या कडेला हिरवं जाकीट घातलेला आमचा वसंत दोन्ही हात आभाळाकडे करून उड्या मारत होता.

आणि लगेच पुढच्या झटापटीत एक मुलगा खाली पडला तो उठेना.

बँड थांबला. दोन्ही संघांची मुलं शिरस्त्राणं काढून एका गुडघ्यावर बसली, कपाटाएवढी सुद्धा. वसंत धावत आत गेला, त्याच्याशेजारी पालथा पडून त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत राहिला. डोरोथीबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मुलाचा एक पाय हलला, दुसरा हलला, आणि तो दोघांच्या आधाराने चालत बाहेर आला. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. वसंतने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो गवतावर तसाच बसला होता.

रात्री जेवताना मी म्हटलं, "उड्या चांगल्या मारत होतास."

"थंडी वाजत होती," तो म्हणाला. मीरा हसली, तोही हसला, पण त्याने भात तसाच ठेवला.

मंगळवारची बैठक कॉलेजच्या भोजनगृहात होती आणि कोणालाही येता येत होतं. सगळं गाव आलं होतं. वसंत उठला. तयार केलेलं काही त्याच्याजवळ नव्हतं.

"शनिवारी तो मुलगा पळाला तेव्हा मीही उड्या मारल्या. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या वेळी कोणी मला विचारलं असतं तर मीही म्हणालो असतो, दर आठवड्याला खेळा. दोन मिनिटांनी मी गवतावर होतो आणि त्या मुलाला सांगत होतो, पायाची बोटं हलव. म्हणून म्हणतो, आज शांतपणे ठरवा."

तो बसला. डोरोथीबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर खरं बोलतात. पण माझी मुलं ख्रिसमसला येत नाहीत. त्यांच्या बायकांची माणसं असतात, बर्फ असतं. या एका शनिवारी येतात. आईला भेटायला नव्हे, सामन्याला. मला चालतं. सामना बंद केलात तर ती कशाला येतील, तेवढं सांगा."

माझा भाऊ ज्या बाजूला होता त्या बाजूला मी असायला हवं होतं. पण मी मनातून त्या बाईच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते.

मग बिल उठला, चेहरा लालबुंद. त्याने वसंतकडे बोट रोखलं. सुनंदाने खाली मान घातली.

"दुसरं कोणी असं म्हणालं असतं तर मी समजू शकलो असतो," बिल म्हणाला. "बाहेरच्या माणसाला काय कळणार? पण तू? तू इथला आहेस, डॉक्टर. तुला कळायला हवं."

इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मला त्या वेळी स्वच्छ 'तू' ऐकू आलं. सुनंदाने हळूच मान वर केली. वसंतने चष्मा काढून पुसला.

बराच वाद झाला, कॉफी झाली, पुन्हा वाद झाला. शेवटी ठरलं की सामना दरवर्षी होईल, मात्र डॉक्टर जी ज्या क्षणी थांबा म्हणतील त्या क्षणी थांबेल, गुण काहीही असोत. पलीकडच्या कॉलेजला ते कबूल करवून घ्यायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. जो सामना बंद करायला निघाला होता, तोच त्याचा कारभारी होऊन बाहेर आला. बिलने त्याची पाठ इतक्या जोरात थोपटली की हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरची गरज पडावी.

गाडीत सुनंदा म्हणाली, "म्हणजे आता दर दिवाळीला तुम्ही इथेच."

वसंतने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ताई, उन्हाळ्यात येत जाईन."

"ये की," मी म्हणाले. "आंबे असतात."

डिसेंबरात मी परतले. विमान मुंबईकडे वळलं तेव्हा खिडकीतून काही दिसत नव्हतं, आणि मी डोरोथीबाईंच्या मुलांचा विचार करत होते. त्यांच्या गावाने त्यांना परत बोलवायला निदान एक शनिवार राखून ठेवला होता. साताऱ्याने आपल्या मुलांसाठी असं काही केलेलं नाही. आम्ही नुसती वाट बघतो आणि पोरं येतील असं धरून चालतो. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की वसंता कायमचा परत येईल, दोनचार वर्षांचा प्रश्न आहे. भोजनगृहातलं ते भांडण ऐकल्यावर मला तसं सांगता येणार नव्हतं. परक्याशी कोणी इतक्या हक्काने भांडत नाही.

घरी पोचले त्या संध्याकाळी शेजारच्या कुलकर्णीवहिनी आल्या. नायगारा पाहिला का, थंडी किती होती, असं सगळं विचारून झालं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "वसंतभावजी यायचेत का मग पुढच्या दिवाळीला?"

"छे हो, दिवाळीत कुठलं जमतंय," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात थोडी ऐट होती हे मलाच ऐकू आलं. "त्याची मॅच असते."