जावयाने बदललेला ब्राउझर

ऑपरेटरांच्या कॉम्प्युटरला पडदा नव्हता. टेबलावर डबा होता, कळफलक होता, दोन स्पीकर होते. पडदा असायचा त्या जागी त्यांची बायको इस्त्रीचे कपडे ठेवत असे. ऑपरेटरांना जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्याचा विषय निघाला की ते म्हणत, "घेऊ की. आणि मला एक चष्माही घेऊ. दोघं मिळून बघत बसू."

चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. आठशे नंबर तोंडपाठ. कोणता साहेब थाप मारतोय हे त्यांना त्याच्या 'हॅलो'वरूनच कळे. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. आंधळ्या माणसाला घड्याळ. ते त्यांनी निमूटपणे लावून घेतलं. टिकटिक बरी येते, म्हणाले.

कॉम्प्युटरमध्ये एक बाई होती. म्हणजे वाचून दाखवणारा आवाज. जी कळ दाबावी ती बाई सांगे, जे पान उघडावं ते बाई वाचे. कोरड्या, एकसुरी आवाजात, पण एक अक्षर गाळत नसे. बायको तिला सवत म्हणे. "माझं काही ऐकत नाहीत, तिचं मात्र दिवसभर ऐकतात."

"ती मधे बोलत नाही," ऑपरेटर म्हणत.

बाईचं एकच दुखणं होतं. ती ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीतच वाचे. दोन वर्षांपूर्वी ऑपरेटरांनी हौसेने नवी आवृत्ती घालून पाहिली होती. बाईची दातखीळ बसली. तेव्हा त्यांनी नवी तशीच पडू दिली आणि कॉम्प्युटरला नीट सांगून ठेवलं की काहीही उघडायचं ते जुन्यात. तेव्हापासून एक ठरलेली कळ दाबली की जुनी आवृत्ती उघडे, तिच्यात मेल उघडे, आणि बाई सतरा नंबरचं पत्र वाचे.

सतरा नंबर हा दुसऱ्या शहरातल्या बोर्डावरचा माणूस. बोर्डावर नावं नसत, जागेचे नंबर असत. तीस वर्षं दोघं रोज बोलले, भेटले एकदाही नाहीत. वर्षभरापूर्वी सतरा नंबरच्या घशाला बोलणं सोसेना. मग दोघं लिहू लागले. पत्रांत दुसऱ्या कोणाला प्रवेश नव्हता. बायकोलाही नाही; पत्राच्या वेळी ते दार लावून घेत. आयुष्यभर दुसऱ्यांनी वाचून दाखवलेलं ऐकत आलेल्या माणसाला म्हातारपणी ही एक गोष्ट मिळाली होती, स्वतःचं पत्र स्वतः वाचण्याची. त्यात ते जगाला यथेच्छ शिव्या देत. सर्वात जास्त जावयाला.

जावई एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांना यंत्रं समजावून सांगे. गिऱ्हाईक नसलं की सासरी येऊन समजावत बसे. मुलगी कामावर असली तरी हा एकटा येई, हातात पाना घेऊनच. सासूचा मिक्सर त्याने दुरुस्त केला. आता तो फक्त सगळ्यात जोरात फिरे, चटणी छताला लागे. दाराची बेल त्याने सुधारली. आता आपल्या दाराची बेल दाबली की शेजाऱ्यांकडे वाजे. शेजारी येऊन सांगत, "तुमच्याकडे कोणीतरी आलंय हो." तरीही त्याला बोलवावं लागत नसे.

त्या बुधवारी ऑपरेटर केस कापायला गेले होते. परत आले तेव्हा साडेचार वाजले होते. चप्पल काढतानाच त्यांना आपल्या खुर्चीची करकर ऐकू आली.

"माझ्या खुर्चीत कोण आहे?"

"मीच बाबा!" जावई म्हणाला. "तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे. दुकानातून पडदा आणलाय."

"आणि माझे कपडे पलंगावर फेकलेत," आतून बायको म्हणाली. "पुन्हा इस्त्री करायची. करा आता तुम्हीच."

"आई, कपडे काय, होतील. बाबा, पडदा लावला आणि बघतो तर काय! तीन वर्षांपूर्वीचा ब्राउझर! तुम्हाला कळतंय का, किती धोका आहे ते?"

"कळतंय. खुर्चीत बसलाय."

जावई हसला. त्याला टोमणा लागत नसे. गेंड्यालाही कधीतरी लागत असेल. "तर मी काय केलं, नवी आवृत्ती डिफॉल्ट करून टाकली. आता काहीही उघडा, थेट नव्यात. आणि जुनीचं चित्र समोरून काढूनच टाकलं. म्हणजे चुकून हात जायला नको."

ऑपरेटर दोन पावलं पुढे आले. हात लांब करून त्यांनी आपली कळ दाबली.

"रिकामे," बाई म्हणाली. "रिकामे. बटण. रिकामे."

"ही फार बडबडते, नाही?" जावई म्हणाला. "आवाज बारीक करतो थांबा."

"हात लावू नका."

"अहो पण बाबा, बघा तरी किती स्वच्छ दिसतंय सगळं!"

जावयाने वाक्य पूर्ण केलं होतं आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरात बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं.

तेवढ्यात टिंग झालं.

"मेल आला," जावई म्हणाला. "कोणी सतरा नंबर म्हणून आहे. वाचू?"

"नको."

"अहो, मी आहे ना वाचायला! त्या बाईपेक्षा बरंच वाचीन की." आणि त्याने वाचायला सुरुवातही केली. "मित्रा, पत्र पोचलं. तुझे गुडघे दुखतात हे वाचून बरं वाटलं. म्हणजे मी एकटाच म्हातारा होत नाहीये. तुझ्या जा..."

जावई थांबला.

त्याने खाकरून घसा साफ केला. मग आवाज जरा वर गेला आणि गुळगुळीत झाला.

"तुझ्या जावयाबद्दल वाचून फार आनंद झाला. ते आपल्याला इतकी मदत करतात, आपण भाग्यवान आहात. बाकी सर्व ठीक. आपल्या पत्नीस नमस्कार. संपलं."

ऑपरेटरांनी बोर्डावर करत तशी मान एका बाजूला केली.

"मधलं कुठे गेलं?" ऑपरेटरांनी विचारलं.

"मधलं काय?"

"तो मला तीस वर्षांत कधी 'आपण' म्हणाला नाही. आणि 'भाग्यवान' म्हणण्याआधी त्याची जीभ झडेल. मधे बरंच काहीतरी आहे. तुम्ही गिळलंत."

"बाबा, तुम्ही उगाच..."

"थाप कशी येते तारेवरून, मला माहीत आहे. मोठमोठ्या साहेबांच्या ऐकल्यात, जावईबापू. त्या बऱ्या असायच्या. उठा."

"पण मी..."

"उठा म्हणतायत ना," बायको दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात पिठाचा चमचा होता. जावई उठला.

ऑपरेटर बसले. खुर्ची आधीपेक्षा उंच झाली होती. तीही सुधारली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यांनी दांडी चाचपून खुर्ची खाली घेतली आणि कळफलकावर हात ठेवला.

जावई माउस पुढे करत म्हणाला, "माउसने पटकन होईल."

"तो तुम्ही धरा. हाताला काम राहील."

नव्या आवृत्तीत बाई 'रिकामे'च्या पुढे जात नव्हती, पण कॉम्प्युटरच्या बाकी सगळ्या खोल्यांत तिची जीभ शाबूत होती. ऑपरेटर सेटिंगमध्ये शिरले. एकेक कळ. बाई सांगत गेली. आवाज. छपाई. तारीख आणि वेळ. ते पुढे सरकत राहिले. डिफॉल्ट प्रोग्राम. आत. ब्राउझर. नवी आवृत्ती, निवडलेली. खालची कळ. जुनी आवृत्ती, न निवडलेली. त्यांनी निवडली.

कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? नवी आवृत्ती अधिक चांगली आहे, वापरून तर पाहा.

"हाही तुमच्याच दुकानातला दिसतो," ऑपरेटर म्हणाले, आणि 'नक्की'वर कळ दाबली.

सगळं मिळून चार मिनिटं लागली. जावई मागे उभा राहून पडद्यावर बघत होता. बाई पुढे काय बोलणार हे त्याला आधी दिसत होतं, तरी तो प्रत्येक वेळी दचकत होता. त्याने सासऱ्यांना कॉम्प्युटरवर काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. सात वर्षं तो त्या घरात येत होता.

ऑपरेटरांनी नेहमीची कळ दाबली. जुनी आवृत्ती उघडली. बाई वाचू लागली, कोरड्या आवाजात, सगळ्यांसमोर.

"मित्रा, पत्र पोचलं. तुझे गुडघे दुखतात हे वाचून बरं वाटलं. म्हणजे मी एकटाच म्हातारा होत नाहीये. तुझ्या जावयाने, त्या गाढवाने, बेल शेजारी नेऊन बसवली हे वाचून इतका हसलो की खोकला आला आणि नर्स धावत आली. हो, नर्स. मी सोमवारपासून इस्पितळात आहे. उद्या सकाळी घसा कापणार. आवाज राहील का विचारलं, तर डॉक्टर माझ्या चपलांकडे बघू लागला. म्हणजे कळलंच. आज पाचपर्यंत फोन माझ्याजवळ आहे. मग तो घेऊन जातात. तेवढ्यात फोन कर. तुझा आवाज ऐकायचाय म्हणून नाही. माझा ऐकवायचाय. त्या गाढवाला मात्र फोनजवळ येऊ देऊ नकोस, दुरुस्त करेल. पुढे नंबर दिला आहे."

बाईने नंबर वाचला. एकेक आकडा.

ऑपरेटरांनी विचारलं, "किती वाजले?"

"चार वाजून बेचाळीस," जावई म्हणाला. त्याचा आवाज आता गुळगुळीत नव्हता. "बाबा, मी खालचं वाचलंच नाही. देवाशपथ. माझं नाव दिसलं तिथेच मी... तो सगळा भाग सोडला."

"नाव नव्हतं. गाढव होतं. तुम्ही बरोबर ओळखलंत."

"अहो," बायको म्हणाली, "फोन करा आधी. याला शिव्या नंतर घाला, हा कुठे जातोय."

ऑपरेटरांनी फोन लावला. एकदा ऐकलेला नंबर त्यांना पुन्हा विचारावा लागत नसे. चार वेळा वाजला. पलीकडे कोणीतरी उचलला आणि बराच वेळ नुसता श्वास आला.

"बोर्ड," असं कोणीतरी म्हणालं. सुकलेल्या लाकडावर नख ओढावं तसा आवाज होता.

"सतरा?"

"उशीर केलास."

"ब्राउझर बदलला होता."

"कोणी?" आणि लगेच, "सांगू नकोस. आहे का तिथे?"

"आहे. मागे उभा आहे. माउस धरून."

"दे त्याला."

ऑपरेटरांनी फोन मागे धरला. जावयाने तो दोन्ही हातांनी घेतला. पलीकडून काय आलं ते कोणाला ऐकू गेलं नाही. जावई फक्त "हो" म्हणाला. मग "हो काका." मग "चुकलं." मग बराच वेळ नुसत्या माना डोलावल्या, आणि शेवटी "बेलही पूर्वीसारखी करतो." त्याने फोन परत दिला.

"आवाज पातळ आहे," सतरा नंबर म्हणाला. "दिसायला कसा आहे रे?"

"मला काय विचारतोस? मी कुठे पाहिलाय."

पलीकडे खरखर झाली. हसणं होतं. ते थांबायला वेळ लागला. पाचला सात मिनिटं होती. त्यातली तीन दोघांनी जावयावर घालवली. तो ऐकत उभा होता, त्याला जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मग सतरा नंबरला बोलवेना. ऑपरेटर म्हणाले, "बोलू नकोस. नुसता लाइनवर थांब."

तो थांबला. ऑपरेटर रिसीव्हर कानाला घट्ट लावून ऐकत राहिले.