डायपरवरचा निळा ठिपका

माझी लेक चौदा महिन्यांची होती तेव्हा तिने जवळजवळ पाच आठवडे बसणं सोडून दिलं होतं. त्याआधी दिवसभर फतकल मारून डबे वाजवणारी पोर आता पलंगाची कड धरून उभ्यानेच जेवायची, उभ्यानेच खेळायची, आणि झोप अनावर झाली की डुलत डुलत माझ्या खांद्यावर येऊन पडायची. खाली टेकवलं की किंचाळायची. डायपरखालची तिची कातडी लालभडक झाली होती. पुढे, मागे, मांड्यांच्या घड्यांत, सगळीकडे. लालीची कड ठळक होती आणि कडेच्या बाहेर बारीक पुळ्या विखुरलेल्या. मी ते इतक्या वेळा बघितलं होतं की डोळे मिटले तरी दिसायचं.

मी तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथला तहसील ऑफिसात कारकून आहे. नवरा इंद्रवेल्लीकडच्या एका शाळेत मास्तर. रोज जाणं-येणं जमत नाही, म्हणून तो तिकडे खोली करून राहतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. मी ऑफिसात असताना लेकीला समोरच्या घरातल्या अक्का सांभाळायच्या. पन्नाशीच्या, तेलुगू बोलणाऱ्या, एकट्याच राहणाऱ्या. माझं शिक्षण तेलुगूतून झालं, त्यामुळे आमचं बोलणं तेलुगूतच चालायचं. लेकीला त्या 'पापा' म्हणायच्या, म्हणजे बाळ, आणि मला मॅडम.

सगळं सुरू झालं पावसाळ्यात. लेकीचा कान दुखून ताप आला. दवाखान्यातून अँटिबायोटिक दिलं, ताप गेला. त्याच सुमारास आठवडाभर ऊन पडलं नाही. दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस ओलेच. मी तिला चोवीस तास डायपर घालायला लागले. चार दिवसांनी लाली दिसली. मी पावडर टाकली. मग पाकिटातल्या त्या सुगंधी वाइप्सनी दर वेळी घासून-पुसून काढायला लागले. लाली वाढली. मेडिकलमध्ये गेले, तर दुकानदाराने लेकीकडे न बघताच एक ट्यूब पुढे सरकवली.

"सगळे हीच नेतात. दोन दिवसांत साफ."

आणि खरंच दोन दिवसांत लाली उतरली. मी ट्यूब बंद केली. तिसऱ्या दिवशी लाली दुपटीने परत आली. पुन्हा लावली, पुन्हा उतरली, पुन्हा आली. असं तीन वेळा झालं.

सासूबाई गावाहून फोनवर सांगायच्या, "लेकराले दिवसभर त्या प्लास्टिकात काऊन बांधून ठेवून राह्यली वं? उघडं ठेव. हवा लागू दे."

मी हो म्हणायचे आणि करायचे नाही. अक्कांनाही तिला उघडं ठेवू नका म्हणून सांगून ठेवलं होतं. फरशी गार असते, पाऊस आहे, लेक सगळीकडे शू करत फिरेल, अशी कारणं माझ्याजवळ तयार होती. खरं कारण वेगळं होतं. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. सकाळी निघायच्या आधी ती आम्हा भावंडांची नखं बघायची, कानामागे बोट फिरवायची, शर्टाची कॉलर नाकाशी नेऊन वास घ्यायची. आमच्या वस्तीतल्या पोरांवर मळकटपणाचा शिक्का बसायला वेळ लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, यासाठी तिचा सगळा आटापिटा. तीच सवय माझ्या हाडात उतरलेली. आणि आता माझ्याच लेकीच्या अंगावर हे. कुणी काही म्हणत नव्हतं, पण मला वाटायचं, बघणारा मनात हेच म्हणत असणार की आई लेकराला स्वच्छ ठेवत नाही. म्हणून मी आणखी घासायचे.

तरीही लाली हटेना, तेव्हा माझं मन अक्कांकडे वळलं. घरी तर मी दर दोन तासांनी डायपर बदलते. मग दिवसभरात काय होतं? अक्का बदलत असतील का? की संध्याकाळपर्यंत तेच ठेवत असतील?

विचारायची लाज वाटली, म्हणून मी एक युक्ती केली. सकाळी डायपर घालताना त्याच्या मागच्या पट्टीजवळ ऑफिसच्या पेनाने निळा ठिपका द्यायचा. संध्याकाळी ठिपका नसला म्हणजे बदललं. आठवडाभर रोज ठिपका गायब असायचा. मला बरं वाटायचं आणि स्वतःची थोडी लाजही. मग एका मंगळवारी लेकीला घरी आणून पाहिलं, तर ठिपका जागच्या जागी. मी मनाची समजूत घातली, विसरल्या असतील. बुधवारीही तेच.

माझं डोकं फिरलं. लेकीला कडेवर घेतलं आणि तशीच रस्ता ओलांडून गेले. अक्का भाजी निवडत होत्या.

"अक्का, आज दिवसभरात पापाचं डायपर बदललं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाही, मॅडम."

"आणि काल?"

"कालही नाही."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "पोरीची काय दशा झालीये दिसत नाही का तुम्हाला? एवढंसं काम होत नसेल तर तसं सांगायचं ना. मी दुसरी सोय करीन."

अक्कांनी भाजी बाजूला सारली. उठल्या, आतून लेकीची पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली. लेक त्यांच्याकडे झेपावत होती, तिला मी दाबून धरलं. तिच्या अंगावरचं ते डायपर जवळजवळ कोरडं होतं. दिवसभर अंगावर असतं तर ते फुगून खाली लोंबलं असतं. माझ्या हाताला तो हलकेपणा जाणवलाही होता, पण रागात त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "भांडण मंग कर. उद्या सुट्टी टाक अन् पोरीले आदिलाबादले घेऊन जा. मोठ्या डॉक्टरले दाखव." इतके दिवस हे आम्हाला सुचलं नव्हतं असं नाही. लालीसाठी काय डॉक्टरकडे जायचं, असं दोघांनाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. सबंध प्रवासात लेक माझ्या मांडीवर उभी. शेजारच्या बाई दोनदा म्हणाल्या, "अवं, बसव ना तिले." मी नुसती मान हलवली.

लहान मुलांच्या डॉक्टर बाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. मी लेकीशी मराठीत बोलते हे ऐकून त्या माझ्याशी हिंदीत बोलत होत्या. त्यांनी लेकीला टेबलावर घेतलं, डायपर उघडलं, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी घड्या हलकेच उघडून बघितल्या, मग बॅटरी घेऊन लेकीच्या तोंडात पाहिलं. गालाच्या आत पांढरे डाग होते. ते मी दुधाचे समजत होते.

"मध्ये कसलं अँटिबायोटिक झालं होतं का?"

"हो, कानासाठी."

"आणि आतापर्यंत काय काय लावलंत? बरोबर असेल तर काढा."

मी पिशवी टेबलावर रिकामी केली. वाइप्स, पावडर, ट्यूब. त्यांनी ट्यूब उचलून बारीक अक्षरं वाचली. "यात स्टेरॉइड आहे. त्याने लाली दबते, पण खालची बुरशी आणखी फोफावते. म्हणून जाते आणि येते."

"बुरशी?" मला एकदम माळ्यावरच्या ओल्या गोणपाटाचा वास आठवला. "म्हणजे माझ्याकडून स्वच्छतेत काही..."

"स्वच्छतेचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "अँटिबायोटिकने अंगावरचे चांगले जंतूही जातात. ऊब आणि ओल मिळाली की ही बुरशी बसते. रोज कितीतरी मुलांना बघते मी. उलट तुम्ही फार घासलंय. कातडी सोलून निघालीय इथे, बघा."

मी बघितलं. आणि मला रडू आलं. त्यांनी टेबलावरचा कापसाचा बोळा पुढे केला, कारण माझा रुमाल पिशवीतून काढलेल्या ढिगाखाली कुठेतरी गेला होता. लेकही मला बघून भोकाड पसरायच्या बेतात होती, म्हणून मीच आवरलं.

मग त्यांनी सांगितलं. ट्यूब, पावडर, वाइप्स बंद. नुसत्या कोमट पाण्याने धुवायचं, मऊ सुती कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. बुरशीचं साधं मलम, तोंडासाठी थेंब, आणि लाली गेली तरी मलम सांगितलेले सगळे दिवस लावायचं. "आणि जमेल तितका वेळ उघडं ठेवा. हे सगळ्यात मोठं औषध आहे." मग त्यांनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "घड्यांमध्ये सुकायला लागलंय कुठे कुठे. या दोन-तीन दिवसांत काही वेगळं केलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"घरी आणखी कोण सांभाळतं हिला?"

"समोरच्या अक्का," मी म्हणाले. ते कोरडं, हलकं डायपर आता मला आठवलं.

बोथला उतरले ती घरी न जाता थेट अक्कांच्या दारात. त्या ओट्यावर होत्या. लेकीने मला विचारलंही नाही, हात पसरून त्यांच्याकडे गेली. मी उभीच राहिले.

"अक्का, मंगळवारी आणि काल तुम्ही पापाला उघडी ठेवली होती का?"

त्या जरा घाबरल्या. "हो, मॅडम. तुम्ही नको म्हणाला होता, पण पोर चालताना पाय फाकवत होती. बघवेना. जुन्या लुगड्याच्या चार घड्या खाली घातल्या, गार लागू नये म्हणून. तुम्ही यायच्या वेळेला सकाळचंच डायपर परत बांधलं. कोरडंच होतं, फेकायचं कशाला?"

"मग काल सांगितलं का नाही? मी एवढं बोलले तुम्हाला."

"तुम्ही रागात होता. आणि तुमचं ऐकलं नव्हतं, हे तर खरंच होतं ना?"

मी ओट्याच्या कडेला टेकले. शेवटी सगळंच सांगून टाकलं. पेनाचा ठिपका, रोजची तपासणी, मनात आलेलं सगळं. आणि म्हणाले, "माझं चुकलं, अक्का. मला माफ करा."

अक्कांनी लेकीच्या केसांतून बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "ठिपका मी पहिल्याच दिवशी बघितला होता. मला वाटलं, तुमच्या ऑफिसात प्रत्येक कागदावर सही लागते, तशी सवय असेल." आणि हसल्या. मीही हसले, पण मला ते हसू पचायला दोन दिवस लागले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं की मला सांभाळून घेण्यासाठी त्या तसं म्हणाल्या, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला फार छान आठवतात. घर लंगोटांनी, चादरींनी आणि शूच्या थारोळ्यांनी भरलं. मी फडकं घेऊन मागे आणि लेक उघडी-वाघडी पुढे. तिला या मोकळेपणाचा असा काही आनंद झाला की ती थारोळ्यात हात आपटून टाळ्या वाजवायची. आधी मी असं काही बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता. आता नुसतं पुसायचे. तिसऱ्या दिवशी लालीचा भडकपणा गेला. पाचव्या दिवशी पुळ्या सुकल्या आणि कडेची कातडी बारीक पापुद्र्यासारखी निघाली. त्या संध्याकाळी अक्कांच्या ओट्यावर तिच्यासमोर मुरमुऱ्यांची वाटी ठेवली, तर ती धपकन खाली बसली. अक्का आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. लेकीचं आमच्याकडे लक्षही नव्हतं, ती मुरमुरे वेचत होती.

नवरा रोज फोन करायचा. "आज कसं हाय वं?" मी सांगायचे, "कालच्याहून बरं." शनिवारी आला तेव्हा चपला न काढताच आधी त्याने लेकीला उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "अरे, हे तं चकाचक झालं!" सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी सांगत नव्हती का?" आणि हे वाक्य त्यांनी त्या महिन्यात आणखी सहा-सात वेळा म्हटलं. मी प्रत्येक वेळी हो म्हणाले, आणि या खेपेला मनापासून.

डॉक्टर बाईंनी पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं. त्या वेळी अक्का बरोबर आल्या. डॉक्टरांना स्वतःच सगळं सांगायचं म्हणून त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. तपासून झाल्यावर दोघी तेलुगूत बराच वेळ बोलल्या, मला मध्ये तोंड घालायला जागाच मिळाली नाही. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता यायची गरज नाही."

बसला अजून वेळ होता. स्टँडाबाहेर एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती, हंगाम नुकताच सुरू झाला होता. आम्ही चार घेतली आणि तिथल्याच एका बाकावर बसून खाल्ली. अक्का बिया काढून गर लेकीला भरवत होत्या आणि ती तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. बस आली, भरली, निघून गेली. आम्ही पुढच्या बसने जायचं ठरवलं, कारण एक सीताफळ अजून बाकी होतं.