सासरचं कुलदैवत आणि माझा पासवर्ड

दिवाळीनंतरचा तिसरा शनिवार. रक्कम महिन्याला साडेचार हजार. हजर मी आणि आई. परतवाड्याचे संत्र्यांचे व्यापारी फोनवर.

"ताई, तुमचा भाव साडेचार हजार आहे म्हणे," ते म्हणाले. "अमरावतीहून तुमच्या आधीच्या यजमानांचा फोन होता. तेच काम ते चार हजारात करतो म्हणतात."

हा आकडा मी अजून कोणालाच सांगितला नव्हता. मेल लिहून ठेवला होता, पाठवायचा राहिला होता.

घरी बसून व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी पाहणं हा माझा व्यवसाय. लग्न टिकलं तोवर तो आम्हा दोघांचा होता. घटस्फोटानंतर हे अमरावतीतच राहिले; मी आईला आणि कम्प्युटरला घेऊन अकोल्यात जठारपेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जुनी गिऱ्हाइकं आम्ही लेखी वाटून घेतली होती. नवी मिळवायची ज्याची त्याने. माझी दोन नवी गिऱ्हाइकं हातात येता येता अशीच निसटली होती, आणि मी तो नशिबाचा भाग समजत होते. परतवाड्याचं काम सगळ्यांत मोठं. तेही गेलं असतं तर भाडं निघालं नसतं आणि आम्हा दोघींना अचलपूरला भावाच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

मी व्यापाऱ्यांकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि त्याच संध्याकाळी मेलचा पासवर्ड बदलला. सोमवारी मेल कुठून कुठून उघडला गेला ते पाहिलं. अमरावती. पुन्हा बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अमरावती.

आई मेथी निवडत बसली होती. "काहून व, कुलूप लावून राहिली का दार उघडून देऊन राहिली त्याले? टाकतं तरी काय त्यात?"

"कुलदैवताचं नाव आणि पुढे एक साल. साल बदलत गेले."

"कोनाचं कुलदैवत?"

"सासरचं," मी म्हटलं. लग्न झालं की मुलीने सासरचा देव आपला म्हणायचा, ही आपली रीत. वीस वर्षं मी प्रत्येक कामाला त्याच देवाचं नाव घेऊन हात घातला. कोर्टाने कागद वेगळे केले, पण बोटांना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

आईला हसू आवरेना. "माय व! नवरा सोडला अन् नवऱ्याचा देव धरून बसली. त्याचाच देव त्याले पावून राहिला नं!"

"मग माहेरचा टाकू?"

"त्या देवाच्या जत्रेत दरसाल जेवाले येत होता तो. देवाइले राहू दे देवळात."

बुधवारी जवळच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्या भाऊंना घरी बोलावलं. मी म्हटलं, सगळं पुसून टाका. ते म्हणाले, "थांबा. पुसलं का पुरावा गेला. आधी कम्प्युटरच्या पडद्याचे फोटो काढा." लांबून कम्प्युटर पाहता येईल असा एक प्रोग्राम त्यात निघाला. मालक म्हणून अजून यांचंच नाव होतं. मग भाऊंनी विचारलं, मेलला मोबाइल नंबर कोणाचा जोडलाय? मी उघडून पाहिलं. तोही यांचाच.

"म्हंजे ताई, चोरी झाली का तसा मेसेज चोरालेच जाऊन राहिला होता."

त्यानंतर आम्ही सगळं क्रमाने केलं. फोटो घेतले आणि कामाच्या फायली वेगळ्या ठेवल्या. यांनी कधी हात न लावलेल्या आईच्या फोनवरून पासवर्ड बदलला, माझा नंबर जोडला, आणि त्या नंबरवर आलेला आकडा टाकल्याशिवाय मेल उघडणार नाही अशी सोय केली. मेलला जोडलेली बाकी सगळी यंत्रं त्यातून काढून टाकली. मग कम्प्युटर कोरा करून नव्याने बसवला. वायफायचा पासवर्डही बदलला. नवे पासवर्ड एकमेकांशी काही संबंध नसलेल्या शब्दांचे केले. त्यात देव नाही, माणूस नाही, साल नाही. आई म्हणाली, "मले बी सांगू नको." भाऊंचे नऊशे रुपये झाले, तिथेच दिले. दुसऱ्या दिवशी फोटोंसह सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आणि पोच घेतली.

शुक्रवारी दुपारी यांचा फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"काय करून ठेवलं तू? माझे जुने फोटो होते त्यात."

"कशात?"



"कम्प्युटरमध्ये," ते म्हणाले.

"माझ्या कम्प्युटरमध्ये काय आहे, काय नाही, हे तुम्हाला आज कसं कळलं?"

मागून आई ओरडली, "जावाईबापू, फोटो पायजेत तं पोलीस स्टेशनले या. चहा आमच्याकडून!"

फोन कट झाला. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. अकोल्याच्या घरात आल्यापासून एवढं हसल्याचं मला आठवत नाही.

एक काम उरलं होतं. परतवाड्याच्या व्यापाऱ्यांना खरं सांगायला हवं होतं, कारण भाव ठरवण्यासाठी त्यांनी पाठवलेले खरेदी-विक्रीचे आकडेही त्याच मेलमध्ये होते. सांगितलं तर काम जाईल, अशी धास्ती होती. तरी शनिवारची बस पकडून गेले आणि पेढीवर समोर बसून सगळं सांगितलं: काय पाहिलं गेलं असेल, काय बंद केलं, तक्रार कुठे दिली. भाव कमी केला नाही.

"म्हंजे तो चार हजारात माझा हिशेब पाहणार होता, अन् आधीच फुकटात पाहून बसला होता," ते म्हणाले. "अशाच्या हातात मी वह्या देऊ का? हे तुमी सांगितलं नसतं तं मले कळलंच नसतं."

त्यांनी तीन महिन्यांचे आगाऊ दिले. साडेतेरा हजार रुपये, माझ्या एकटीच्या नावावरच्या खात्यात.